खुर्चीवरून लिहिलेला नायटा

“आधी बघायचं, मग बोट लावायचं. नाव सगळ्यात शेवटी.”

मित्रांनो, हा आवाज थांबून पुष्कळ वर्षे झाली, तरी माझ्या काचेत तो अजून घुमतो. मी एक जुने भिंग आहे. त्वचारोगाच्या दवाखान्यात टेबलावर असते. म्हातारपणी वस्तू हळव्या होतात म्हणे. मी झालेले नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून गोड गोष्ट सांगणे मला जमणार नाही.

एका चष्मेवाल्याने मला तीन दिवस घासून घडवले, पितळी कडे बसवले, लाकडी मूठ लावली. माझ्या काचेत घुमणारा तो आवाज थोरल्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी मला विकत घेतले आणि पहिल्याच दिवशी आपल्या तळहातावर धरून म्हणाल्या, “चला, आता आपण दोघं मिळून बघू.”

बाईंची एक रीत होती. रोग्याचा हात हातात घ्यायचा, मला वर धरायचे आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलायचे. बाजूच्या स्टुलावर कंपाउंडर काका बसत आणि शब्द न् शब्द कागदावर उतरवत. कडा कशी, रंग कसा, बोटाला काय लागते. रोगाचे नाव शेवटच्या ओळीत. शिकायला येणाऱ्या मुलींसाठी बाईंनी एक गाणेच रचले होते.

सपाट तो डाग गं, बोटाला लागेना,
टणक ती पुटकुळी, दाबली दबेना;
पाणी भरे तो फोड, पू भरे ती पुळी,
बघितल्यावाचून बाई, नाव नको मुळी.

एकदा एक गृहस्थ घामाघूम होऊन आले. मांडीवर निळा चट्टा. कुणीतरी त्यांना भलतेच भिववले होते. बाईंनी चट्ट्याला बोट लावले. बोट निळे झाले. “लिहा काका,” बाई म्हणाल्या, “खिशातल्या पेनचा आजार. औषध, साबण.” काका हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिले. माझ्या काचेवरही त्या शाईचा ठिपका महिनाभर होता.

मग बाई गेल्या, आणि खुर्चीवर त्यांचा पुतण्या आला. शिकलेला, हुशार, नेहमी घाईत. टेबलापलीकडे रोगी उभा राहिला की यांच्याकडे रोगाचे नाव तयार. इसब. खरूज. पुढचा. मला त्यांनी कागद दाबायला ठेवले. मित्रांनो, ज्याने माणसांचे दुःख दहापट मोठे करून दाखवले, त्याने आता पंख्याच्या वाऱ्याशी झगडायचे. माझ्यावर धूळ बसली. धुळीचे मला काही नाही. पुढे झाले त्याचे आहे.

बेकरीत पीठ मळणारी एक बाई आली. कोपरांवर आणि बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे. मालकाने सांगितले होते, डॉक्टरची चिठ्ठी आण, मगच पिठात हात घाल. तिने हात पुढे केले. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत.

“नायटा,” ते म्हणाले. “लिहा काका. संसर्गजन्य. खाण्याच्या वस्तूंना हात लावू नये.”

ती म्हणाली, “डॉक्टर, जरा नीट बघता का? कामाचा प्रश्न आहे.”

“बघितलं की.”

मी त्या हातापासून चार बोटांवर होते. नायट्याची कडा तेवढी जागी असते, मधली कातडी निवळत जाते. हिचा चट्टा कडेपासून मध्यापर्यंत सारखा जाड होता, वर चांदीसारखे खवले. मला ते धुळीतूनही दिसले. काकांनाही दिसले असणार, कारण त्यांचे पेन अडले. क्षणभरच. मग ते मुकाट्याने लिहू लागले. त्या पेनावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

चार महिन्यांनी ती परत आली. चट्टे तसेच होते. बेकरीतले काम सुटले होते, आता ती जिने झाडत होती. सोबत तिची सहा वर्षांची मुलगी होती. आई पुढे आणि मुलगी दोन हात मागे.

“ये की जवळ,” काका मुलीला म्हणाले.

“आईला शिवायचं नसतं,” मुलगी म्हणाली. “माझं अंथरूण पण वेगळं आहे. टॉवेल पण.”

आई म्हणाली, “काय करू काका, पोरीला झालं तर? कागदावरच लिहिलंय ना.”

चार महिने. एका न बघितलेल्या शब्दापायी एक लेकरू चार महिने आईच्या कुशीबाहेर झोपत होते. मी काच आहे, मला ओरडता येत नाही. येत असते तर त्या दिवशी मी ओरडून ओरडून तडकले असते.

मुलीने मला उचलले. फ्रॉकला पुसले. लांबूनच आईच्या कोपरावर धरले आणि म्हणाली, “आई, तुझ्या हाताला चांदी लागलीये.”

काका स्टुलावरून उठले. मुलीच्या हातून मला घेतले आणि डॉक्टरांपुढे धरले. “साहेब, एकदा बघा. मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं.”

डॉक्टर उठले. किती वर्षांनी माझी मूठ एका डॉक्टरच्या हातात गेली. त्यांनी आईचा हात धरला, एक खवला हलकेच खरवडला. खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उमटले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर साचला.

“औषध बदलून देतो,” ते पुटपुटले.

एवढेच?

“मोठ्यानं सांगा साहेब,” काका पेन घेऊन बसले. “इथं तशी रीत आहे.”

डॉक्टरांनी घसा खाकरला. “चट्टा जाड. कडा ठळक. वर चंदेरी खवले. खरवडल्यावर बारीक रक्तबिंदू.” मग शेवटी म्हणाले, “सोरायसिस. संसर्गजन्य नाही. स्पर्शानं कुणालाही होत नाही.”

शेवटचा शब्द संपायच्या आत मुलगी आईला बिलगली होती. आईचे हात मात्र हवेतच राहिले. ते कुठे ठेवायचे हे ती विसरली होती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी मास्तर, कुणी साहेब. माणसांना नावे देण्याचा अधिकार तुमच्या हाती येईल. मला पुसा, नका पुसू. पण नाव देण्याआधी खुर्ची सोडा, एवढे माझे ऐका.

काकांचे पेन कागदावरच होते. “आणि जुन्या कागदावर नायटा आहे, संसर्गजन्य आहे. बेकरीच्या मालकाकडे तोच कागद आहे. त्याचं काय लिहू?”

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवायला हात नेला, पण ठेवले नाही.

“लिहा,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी हात बघितलाच नव्हता.”