डाव्या हाताची शिवण

लांगबाइनबाईंनी खेळण्यातलं जुनं अस्वल ओटमारच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते उचलून आधी पाठ बघितली. टाके डावीकडे कललेले होते.

पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीतल्या या नॉयश्टाट गावात घरोघरी अस्वलं शिवली जायची, पण डाव्या हाताने शिवणारी एकच होती. इर्महिल्ड. ओटमारची बायको. तिला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं होतं.

"हे बोलत नाही हो," बाई म्हणाल्या. "माझ्या लहानपणीही कधी बोललं नाही. आई म्हणायची, लाजाळू आहे. पण शनिवारी नातवाचा शाळेचा पहिला दिवस. पहिल्या दिवशी मुलांना खाऊने भरलेला कागदी शंकू देतात ना, त्याच्या शंकूवर हेच बसणार. तेवढ्यापुरतं तरी गुरगुरू दे."

आवाजाची डबी पोटात असते, आणि पोटात शिरायचं तर पाठ उसवावी लागते. ओटमार "बघतो" म्हणाला आणि चार दिवस नुसतं बघत राहिला. इर्महिल्डने हजारो अस्वलं शिवली, पण दर आठवड्याला टोपली भरून सगळी व्यापाऱ्याकडे जायची. घरात एकही उरलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मेहुणी हेडा प्लमचा केक घेऊन आली.

"अजून तसंच? भावोजी, उद्या शनिवार आहे."

"तुझ्या बहिणीची शिवण आहे ही."

"दिसतंय मला. ती असती तर एव्हाना उसवून, शिवून, वर तुम्हाला चार शब्दही ऐकवून झाले असते."

"सगळी नाही उसवणार."

"मग अर्धी उसवा. कात्री आधी की केक?"

"केक."

दोन तुकडे खाऊन झाल्यावर मात्र कारण उरलं नाही. त्याने खालचे टाके एकेक करून कापले आणि आत बोट घातलं. बोट शिरेना. लाकडाचा कीस इतका ठासून भरलेला, की डबीची सगळी भोकं बुजली होती.

"कुणी भरलंय हे?" हेडाने विचारलं.

ओटमारने बोटाला चिकटलेला कीस झटकला. इर्महिल्ड शिवायची आणि भरायचं काम त्याचं, हे हेडाला चांगलं ठाऊक होतं.

"अस्वलं भरतोस की वाळूची पोती?" इर्महिल्ड रोज म्हणायची. घट्ट भरलेलं टिकतं, असं तो रोज उत्तर द्यायचा. टिकलं होतं खरं.

त्याने दोन मुठी कीस बाहेर ओढला आणि अस्वल पालथं करून उभं केलं. आतून जाडसर, खरखरीत आवाज आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"तीच बोलतेय बघा," हेडा म्हणाली. ओटमारला हसू फुटलं, इतकं की चष्मा काढून पुसावा लागला.

मग त्याने सुई घेतली. त्याचा हात उजवा, त्यामुळे टाके उजवीकडे कलले. पाठीच्या मधोमध तिचा शेवटचा टाका आणि त्याचा पहिला टाका एकमेकांना टेकले.

शनिवारी सकाळी लांगबाइनबाईंनी अस्वल वाकवलं, ते गुरगुरलं आणि बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

"गेली म्हणायची लाज."

"ते लाजाळू नव्हतंच, बाई," ओटमार म्हणाला. "मीच त्याच्या घशात बोळा कोंबला होता. बायको सांगत होती, मी ऐकलं नाही."

आणि बाईंनी अस्वल पिशवीत घालण्याआधी त्याने ते त्यांच्याकडून मागून घेतलं आणि आणखी एकदा वाकवलं.