एकेचाळीस निरगाठी

पूर ओसरून आठ दिवस झाले होते, तरी कचेरीतला वास जात नव्हता. फरशी तीनदा फिनेलने पुसून झाली. खिडक्या उघडून झाल्या, मग त्या उघड्या खिडक्यांतूनच वास येतो म्हणून घट्ट लावून झाल्या. मोठ्या साहेबांनी आपल्या केबिनमध्ये गुलाबाचा फवारा मारून घेतला होता. त्यामुळे तिथे पाऊल टाकलं की गुलाबच कुजलाय असं वाटायचं.

वास खालच्या वस्तीतून येत होता. तिथे एकेचाळीस जनावरं मेली होती. शेळ्या, कुत्री, दोन गाढवं, एक गाय आणि तिचं वासरू. मंडळी, एवढ्यात नाकाला रुमाल लावू नका. ही गोष्ट त्या वासाचीच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या कुठल्याही कचेरीतून येऊ शकतो.

या कचेरीतल्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला सगळे ‘आराखडे’ म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. कुठल्याही कामाचं नाव काढलं की “आधी आराखडा करू” म्हणायची त्याला खोड होती. घरात भाजी संपली असं बायको म्हणाली तरी हा पट्टी घेऊन यादीचे रकाने आखायला बसायचा. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायचा नाही, अक्षर तर मोत्यासारखं. फक्त जन्मात त्याने एकाही जनावराला हात लावला नव्हता. आणि आपत्तीत जनावरं कशी वाचवावीत, याचं प्रशिक्षण वस्तीतल्या स्वयंसेवकांना त्यानेच दिलं होतं!

दोन महिन्यांपूर्वीचं ते प्रशिक्षण आठवलं की आजही शिसारी येते. सभागृहात चाळीस खुर्च्या, चाळीस केशरी जाकिटं, मागे भला मोठा फलक. जनावर म्हणून कापसाने भरलेला खेळण्यातला कुत्रा आणला होता. चाळीस जणांनी रांगेने येऊन तो उचलला, फोटो काढून घेतला आणि पुढच्याच्या हाती दिला. पंचविसाव्या माणसाच्या हातात कुत्र्याचा कान आला, तो टाचणीने लावून कार्यक्रम पुढे चालू राहिला.

मग पत्रक वाटलं गेलं. त्या पत्रकाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. आदल्या वर्षी कुणी बडे पाहुणे गावात यायचे होते. रस्त्यात मोकाट जनावर आडवं येऊ नये म्हणून कचेरीने पत्रक काढलं होतं : ‘सर्वांनी आपापली जनावरे घट्ट बांधून ठेवावीत.’ आराखडेने तेच पुढ्यात घेतलं. ‘पाहुण्यांच्या आगमनानिमित्त’ हे खोडून ‘आपत्तीचा इशारा मिळताच’ असं लिहिलं, खालचा मजकूर माशीला माशी उतरवला आणि मोत्यासारखी सही ठोकली. अर्ध्या तासात काम फत्ते.

त्या दिवशी शेवटच्या रांगेत त्याची आत्या बसली होती. चाळीस वर्षं ती खालच्या वस्तीत शेळ्या पाळत होती. लहानपणी आराखडेची आई अंथरुणाला खिळलेली असताना याच आत्याने शेळीचं दूध पाजून त्याला वाढवलं होतं. पत्रक वाचून झाल्यावर ती उभी राहिली.

“बाळा, पाणी आलं तर जनावर बांधायचं का सोडायचं?”

तिच्या कपड्यांना शेळ्यांचा वास येत होता. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक मुरडून हसलं. आराखडेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आत्या, प्रश्न आपण शेवटी घेऊ,” तो म्हणाला.

शेवटी चहा आला. प्रश्न राहून गेला.

पुराचा इशारा आला तो सकाळी. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, स्वयंसेवक घरी बसून राहिले नाहीत. दहाच्या ठोक्याला जाकिटं चढवून ते घरोघर गेले आणि शिकवलं होतं ते तंतोतंत केलं. सैल दावी आवळली, हिंडणारी कुत्री धरून खांबांना बांधली, दोनदोनदा गाठी तपासल्या. दुपारी पाणी चढलं. माणसं होड्यांत घालून टेकाडावरच्या शाळेत नेली, एकही दगावलं नाही. जनावरांकडे वळायची वेळ आली तेव्हा पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि सगळ्या गाठी पाण्याखाली गेल्या होत्या.

“अहवाल आजच वर गेला पाहिजे,” पूर ओसरल्याच्या आठव्या दिवशी मोठे साहेब म्हणाले. “प्रशिक्षण यशस्वी, असं ठसठशीत लिहा. फोटो जोडा. तो कुत्र्याचा छान आलाय.”

“आणि जनावरांच्या रकान्यात कारण काय लिहू, साहेब?”

“मालकांचा निष्काळजीपणा. दुसरं काय? प्रत्येक मालकाकडून तसा जबाब सही करून घ्या.”

चोर तो चोर, वर शिरजोर! बुडवायचं आपण आणि खापर फोडायचं ज्याचं बुडालं त्याच्या डोक्यावर. पण आराखडे बावीस वर्षं “हो साहेब” म्हणत आला होता, तसाच आताही म्हणाला. अहवाल आणि जबाबांचा गठ्ठा उचलताना त्याने मनात आराखडा केला : पहिली सही आत्याची. ती भाच्याला नाही म्हणायची नाही.

रुमालावर अत्तर शिंपडून तो वस्तीत उतरला. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ उमटली होती. आत्याच्या अंगणात खुंट्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. तो गल्लीतला शिंपी होता, प्रशिक्षणात ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ म्हणून ज्याला प्रमाणपत्र मिळालं होतं तोच. मेलेली शेळी काढताना दावं मध्येच कापलं होतं, पण गाठ खुंट्यावर तशीच होती. पाण्याने फुगून दगड झालेली. शिंपी सुईच्या टोकाने ती उकलत होता. बोटांतून रक्त येत होतं.

“अहो, कापून टाका ना,” आराखडे रुमालातून म्हणाला.

“कापायची नाही, साहेब. मी बांधली, मीच सोडणार. ही सतरावी.” शिंप्याने मान वर केली नाही. “आमच्या धंद्यात टाका असा मारायचा की उसवता कामा नये. तोच हात पडला हो माझा. तुम्ही ‘घट्ट’ म्हणालात, मी माझ्या परीनं घट्ट बांधलं.”

“तुमचा काय दोष त्यात?”

“होडीत होतो मी. इथली शेळी ओरडत होती. पाण्यात हात घालून चाचपलं, गाठ हलेना. सुरी नव्हती. तुम्ही दिलेल्या पिशवीत काय होतं ठाऊक आहे? बॅटरी, शिट्टी आणि तुमचं पत्रक. शिट्टी वाजवली मी, साहेब! शेळ्या बुडत होत्या आणि मी शिट्टी वाजवत होतो.”

तेवढ्यात आत्या गाळाची बादली घेऊन बाहेर आली. भाच्याला पाहून तिने हात कपड्यांना पुसले.

“ये. बस म्हणायला कोरडी जागा नाही.”

“बसत नाही, आत्या. एक सही हवी होती.”

“आण, कुठं करू?” तिने हात पुढे केला, मग थांबली. “काय लिहिलंय?”

“नेहमीचंच आहे.”

“वाच की.”

त्याने घसा खाकरला. “‘माझ्या मालकीच्या सात शेळ्या माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणा...’”

शिंप्याची सुई थांबली. आत्याने खुंट्याकडे पाहिलं. मग बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता.

“तुझ्या आजोबांनी मला सगळ्यात आधी काय शिकवलं, सांगू? जनावराला सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की मोकळी. निरगाठ गाठोड्याला, जनावराला नाही. चाळीस वर्षांत या अंगणात निरगाठ पडली नव्हती. पाणी दिसलं की मी एकेक टोक ओढत जायची आणि शेळ्या आपल्या आपण टेकाड गाठायच्या. यंदा हा शिंपी आला. म्हणाला, आत्याबाई, गाठ सैल आहे. मी म्हटलं, हात लावू नकोस. तर यानं पत्रक काढून दाखवलं. खाली तुझी सही.”

“आत्या...”

“म्हटलं, भाच्याची सही आहे. शिकलासवरलेला आहे. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. बांध बाबा.”

“मला खरंच माहीत नव्हतं, आत्या.”

“माहीत नसतं माणसाला. म्हणून तर चारचौघांत उभी राहून विचारलं तुला. तू चहा घेतलास.”

आत्याने त्याच्या हातातला जबाब घेतला.

“सात शेळ्या याच हातांनी ओढून काढल्या मी. फुगलेल्या, अळ्या पडलेल्या. तेव्हा किळस आली नाही मला. माझीच लेकरं ती. किळस आता येतेय, या कागदाची. दे तो पेन. सही करते. माझ्यापायी तुझी नोकरी जायला नको.”

तिने खरंच पेन घेतला आणि कागद गुडघ्यावर ठेवला!

“नको!” आराखडे ओरडला. “नको, आत्या! खोटं आहे ते!”

त्याने कागद हिसकावला. त्या झटापटीत रुमाल चिखलात पडला आणि आठ दिवस अत्तराआड अडवून धरलेला तो वास एकदम त्याच्या आत शिरला. नाकाने कांदे सोलणारा हा गृहस्थ भिंतीला धरून भडाभडा ओकला. ओकून झालं तरी उबळ थांबेना, कारण किळस आता चिखलाची उरली नव्हती. आपल्याच मोत्यासारख्या अक्षराची त्याला किळस येत होती.

शिंप्याने तोंड धुवायला पाणी दिलं. तोंड पुसून आराखडे म्हणाला, “आत्या, सुरगाठ कशी मारतात, दाखव मला.”

“आधी तो कागद नीट लिही,” आत्या म्हणाली.

तिथेच उभ्याउभ्या त्याने गठ्ठ्यातून अहवाल काढला, जनावरांच्या रकान्यातलं ‘मालकांचा निष्काळजीपणा’ खोडलं आणि लिहिलं : ‘चुकीचे प्रशिक्षण. पत्रक जुने होते, ते न तपासता सही केली. सही माझी.’

कचेरीत जाऊन तो आधी साहेबांकडे गेला नाही. बावीस वर्षांची कारकुनी एवढ्यापुरती कामी आली. त्याने अहवालाची जावक नोंद करून घेतली, क्रमांक पाडला, एक प्रत थेट वर धाडली आणि मग केबिनचं दार वाजवलं.

“तुम्हाला वेड लागलंय का?” साहेब ओरडले. “कचेरीची अब्रू घालवलीत!”

“साहेब, अब्रू खाली वस्तीत कुजतेय. खिडकी उघडली की वास येतो.”

नोंद पडलेला कागद गिळता येत नाही. आराखडेची बढती गेली आणि खुर्ची जुन्या दप्तरांच्या खोलीत हलली. पण चुकीची कबुली वरपर्यंत पोचल्यामुळे प्रशिक्षण नव्याने घ्या, असा हुकूम आला आणि ते घाणेरडं काम साहेबांनी मोठ्या समाधानाने त्याच्याच गळ्यात मारलं.

हे दुसरं प्रशिक्षण आत्याच्या अंगणात झालं. खुर्च्या नव्हत्या, फलक नव्हता. शेजारपाजारच्या जित्याजागत्या शेळ्या होत्या, त्यांच्या लेंड्या होत्या आणि गढूळ पाण्याने भरलेलं एक पिंप होतं. पिंपाच्या तळाशी खुंटा रोवला होता. डोळ्यांना फडकं बांधून, पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून प्रत्येकाला एका ओढीत गाठ सोडावी लागे. सरावाला दोरी होती ती शिंप्याने सोडवलेल्या सतरा गाठींची.

आत्याच्या जिभेला धार होती. “अरे, कान काय धरतोस तिचा? पाढे चुकलीय का ती? एक हात छातीखाली, एक मागच्या पायांमागून, आणि उचल!” बिथरलेल्या कुत्र्याच्या तोंडावर आधी जाड चादर टाकायची, मगच हात घालायचा, हेही तिनेच शिकवलं. कुठल्या घरात कुठलं जनावर आहे, म्हातारं कुठलं, गाभण कुठलं, याची यादी मात्र आराखडेने केली. रकाने आखण्याची त्याची खोड अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडली. पिशव्यांतली शिट्टी राहिली, तिच्या जोडीला सुरी आली. पहिल्या दिवशी आलेल्या बावीस जणांपैकी तिघांनाच गाठ सोडता आली. आराखडे त्या तिघांत नव्हता. तो नवव्या दिवशी पास झाला.

पुढच्या वर्षी पुन्हा पाणी आलं, गेल्या वेळेपेक्षा हातभर जास्तच. ते ओसरल्यावर मोठे साहेब फोटोवाल्याला घेऊन खालच्या वस्तीत आले, पण फोटो काढण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. खुंट्यांवर नुसती दावी लोंबत होती, एका ओढीत सुटलेली. जनावरं टेकाडावरून ओळीने खाली उतरत होती, पोटापर्यंत चिखलाने बरबटलेली. आत्याच्या नव्या शेळीने आराखडेजवळ येऊन असं काही अंग झाडलं की त्याचा शर्ट, चष्मा आणि साहेबांचे बूट एकाच वेळी घाण झाले.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. आराखडेच्या खिशात हल्ली रुमाल नसतो.

नागरिकहो, कागदी घोडे पुरात पोहत नाहीत. ज्या कामाला आपला हात लागलेला नाही, ते दुसऱ्याला शिकवण्याआधी ज्यांच्या हातांना त्या कामाचा वास येतो त्यांना विचारा, आणि त्यांनी आपणहून विचारलेला प्रश्न शेवटासाठी ठेवू नका. मुक्या जिवाला वाचवायचं असेल तर त्याला खरोखर उचलून पाहा, ओल्या हातांनी, मिटल्या डोळ्यांनी, पाणी यायच्या आधी. आणि सही करण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारा, ही कुणाच्या गळ्यातली गाठ होणार आहे!

त्या संध्याकाळी आत्याने भाच्याने बांधलेलं दावं हातात घेऊन गाठ निरखली, टोक ओढलं आणि गाठ सुटली. “जमलं,” ती म्हणाली. वर्षभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत आली होती; कौतुकाचा हा तिचा पहिलाच शब्द होता.