टपली

"पोरगा दप्तर घेऊन घरून निघते, अन् बसस्टँडवर जाऊन बसते, मॅडम," आदेशची आई नलू शाळेच्या फाटकाशी सांगत होती. "आमच्या गावाकडच्या, वर्ध्याच्या गाड्या पाहात राह्यते. पोरं डोक्यावर मारतेत म्हणते. असंच राह्यलं तं मी त्याले नाचणगावले आजीपाशी ठेवून देतो."

"आणि तुम्ही?" सरिता मॅडमनी विचारलं.

"मले तं इथंच राहा लागते. भावाच्या दुकानात बसतो ना मी आता."

आदेशचे वडील दिवाळीनंतर नाचणगावला वारले. अग्नी आदेशनंच दिला, म्हणून त्याचे केस काढले. तेरवी आटोपल्यावर मायलेक समुद्रपूरला मामाकडे आले आणि आदेश सरिताच्या तिसरीच्या वर्गात दाखल झाला.

वर्गात नव्या टकलाला सगळ्यांनी एकेक टपली मारायची, असा पोरांचा रिवाजच होता. कैलास तिरुपतीहून आला तेव्हा त्यानंही हसत हसत खाल्ल्या होत्या. आदेश हसला नाही. काजलनं विचारलं, केस काऊन काढले, तर तो म्हणाला, "उवा झाल्त्या." झालं. मुलींनी आपली बसायची पट्टी लांब सरकवली, आणि मुलं टपली मारून त्याच्याच शर्टाला हात पुसू लागली.

उवा हे कारण त्यानं का निवडलं असेल, ते सरिताला कळत होतं. गणपतीच्या दिवसांत तिचे वडील, प्रेमदास, गेले. रजेवरून ती शाळेत परत आली तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या प्रमिलाबाईंनी तिचा हात हातात धरला. "सुटले हो बिचारे," म्हणाल्या. मग दिवसभर सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिले. आपण आलोच नसतो तर बरं, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

नलू भेटून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामानं आदेशला वर्गात आणून बसवलं. सरितानं परिपाठात विचारलं, "दुसऱ्याशी कसं वागायचं?"

"प्रेमानं आणि आदरानं!" कैलासचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बसता बसता त्यानं आदेशला एक टपली दिली.

सरिताच्या तोंडात वाक्य तयार होतं. याचे बाबा गेले आहेत, एवढं म्हटलं की वर्ग चिडीचूप झाला असता. "आदेशचे केस..." ती म्हणाली, आणि आदेशनं दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिच्याकडे पाहिलं.

तिनं वाक्य तिथंच सोडलं.

"कैलास, इकडे ये. माझ्या डोक्यावर मार टपली."

वर्ग खिदळला. कैलास खडूसारखा पांढरा पडला. "नाई मॅडम."

"काऊन?"

"तुम्ही माराल."

"नाही मारत. चल."

"तरी नाई. तुमचं डोकं हाये ते."

"आणि ते कोणाचं आहे?"

कैलासनं मागं वळून पाहिलं. "आदेशचं."

"मग हात लावायच्या आधी त्याला विचार."

"आदेश, मारू काय?"

"नाई!" आदेश इतक्या जोरात ओरडला की बाजूच्या वर्गातलं पाढे म्हणणं थांबलं.

"नाही म्हटलं की नाही," सरिता म्हणाली. "हे सगळ्यांसाठी आहे. आणि कोणी ऐकलं नाही, तर ते मला सांगायचं. सांगणाऱ्याला चुगलखोर म्हणायचं नाही."

"उद्या अजून विचारलं तं चालन काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"विचार. तो काय म्हणतो ते ऐक."

काजल उठली. "पण मॅडम, त्याले उवा हायेत."

"केसच नाहीत, तर उवा राहतील कुठे?"

काजल विचारात पडली. मग तिलाच हसू आलं, आणि पुढच्या तासाला ती पट्टीवर थोडी अलीकडे सरकली.

पुढचे काही दिवस कैलास रोज सकाळी विचारायचा आणि आदेश रोज "नाई" म्हणायचा. तेवढं म्हणायला का होईना, तो वेळेवर येऊ लागला. बसस्टँडवर आता बसत नाही, असं नलूनं कळवलं.

एका दुपारी खिचडीच्या रांगेतून कैलास ताट घेऊन सरिताजवळ आला.

"मॅडम, आदेशले उवा नोहत्याच. त्याचे बाबा वारले. आत्ता सांगितलं त्यानं मले. तुम्हाले मालूम होतं?"

"हो."

"मंग आम्हाले काऊन नाई सांगितलं?"

"ते त्यानं सांगायचं होतं. माझेही बाबा वारले, कैलास. गणपतीत."

कैलासनं तिच्या वेणीकडे नीट पाहिलं.

"तुमचे केस तं हायेत."

"आमच्यात काढत नाहीत."

"मंग तं कोणाले समजलंच नसन," कैलास म्हणाला.

"नाही," सरिता म्हणाली.

तो थोडा वेळ तिच्याजवळच उभा राहिला. मग रांगेतून आदेशनं हाक मारली, "अबे, तुह्या नंबर धरून ठेवला, ये ना लवकर!" आणि तो ताट सावरत पळाला.