बायजीने जपलेला मफलर

मी एक जुना मफलर आहे. जुना म्हणतो खरा, पण मित्रांनो, मला अजून एकदाही कुणी गळ्याभोवती घेतलेले नाही.

माझी लोकर आधी एका स्वेटरची होती. तलासरीजवळच्या आश्रमशाळेत कपड्यांच्या वाटपात आलेला तो हिरवा, कोपरावर विरलेला स्वेटर तिथे शिकणाऱ्या दक्षाने उसवला. वसतिगृहातल्या बाईंनी तिला विणायला शिकवले. मध्ये कुठेतरी तिचा एक टाका सुटला, तिथून अजून बोट आरपार जाते. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिने मला घरी आणले आणि आईच्या, बायजीच्या, हातात ठेवले.

बायजीने मला गालाला लावले. पाड्यावर घरोघर नेऊन मिरवले. मी अगदी फुलून गेलो. पण मला गळ्यात काही घेईना.

"आये, घाल ना," दक्षा म्हणाली.

"आता कामावर घालू? मलंल तो. तुझ्या लग्नात घालीन, मंग बघ!"

सुट्टी संपली, दक्षा शाळेत परतली, आणि इकडे जमीन हादरू लागली. भिंतींना तडे गेले. घरात निजायची कुणाची छाती होईना. सगळा पाडा थंडीत, उघड्यावर ताडपत्री बांधून झोपू लागला. पहिल्या मोठ्या धक्क्याला सगळे बाहेर पळाले होते, तेव्हा बायजी उलटी आत शिरली होती, ती मला आणायला. मला वाटले, आता तरी घेईल. पण दवाने भिजू नये म्हणून तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि पोटाशी धरले. मी आत कोरडा, आणि ती बाहेर कुडकुडत होती. तोंड असते तर मी ओरडलो असतो.

तिचा खोकला छातीत उतरला. डहाणूला दवाखान्यात नेले, पण फार उशीर झाला होता.

गेलेल्या माणसासोबत त्याच्या वापरातल्या वस्तू द्यायच्या, अशी पाड्याची रीत आहे. बायजीची फणी दिली, विळा दिला, तंबाखूची डबी दिली. शाळेतून आलेल्या दक्षाने पिशवीची गाठ सोडून मला पुढे केले.

तिच्या म्हाताऱ्या चुलत्याने, देवजीने, हळूच विचारले, "पोरी, हा तिनं आंगावर घेतला होता का?"

दक्षाला खोटे बोलता आले नाही. "नाय, काका."

"मंग नाय देता येत. वापरला नाय ते तिच्यामागं जात नाय." त्याने मला तिच्या हातात परत ठेवले. त्याचेही डोळे भरले होते.

आता दक्षा मला नाकाशी धरून आईचा वास शोधते. माझ्याकडे तिला द्यायला फक्त प्लास्टिकचा वास आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी हाताने काही विणले, तर ते लग्नकार्यासाठी राखून ठेवू नका. त्याच दिवशी अंगावर घ्या, घामाने भिजवा, खुशाल मळवा. मी मळलो असतो, तर आज बायजीजवळ असतो.