पोटातले जीव
रखमाजी आबांच्या अकरा मेंढ्यांनी वैरणीकडं पाठ फिरवली. उसाचं हिरवं वाढं पुढं टाकलं तरी नुसतं हुंगायच्या आणि मान वळवायच्या. आबांची सून प्रगती भर दुपारी त्यांच्यासमोर बसून राहिली. एरवी या वेळेला सगळ्यांची तोंडं हलत असायची. आज एकीचंही हलत नव्हतं.

"आबा, ह्या रवंथच करंनात."

"पोटात जंतू झालं आसतील. पावडर वाढवतो."

पाटसच्या उसाच्या रानातून कळप पाबळला परत आणला, तेव्हा कोकरांना हगवण लागली होती. तीन दगावली. खाद्याच्या दुकानदारानं जंतू मारणारी पावडर दिली आणि पाच दिवस भरड्यातून घाला म्हणून सांगितलं. कोकरं सावरली आणि आबांचा पावडरीवर भारी विश्वास बसला. पाच दिवसांचा महिना झाला. पुढं मोठ्या मेंढ्यांच्या घमेल्यातही ती पडू लागली, आधीच बंदोबस्त म्हणून.

प्रगतीनं पावडरीचा डबा उचलून घरात नेला आणि जनावरांच्या डॉक्टर शितल यांना फोन लावला.

डॉक्टरांनी एका मेंढीच्या घशातून नळी घालून पोटातला रस काढला. शेजारच्या हौशीराममामांच्या धडधाकट मेंढीचाही घेतला. दोन्ही थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रगतीला बघायला लावलं. मामांच्या मेंढीच्या थेंबात जत्रेसारखी गर्दी होती. बारीक जीव इकडून तिकडं धावत होते. आबांच्या मेंढीच्या थेंबात काहीच हलत नव्हतं.

"पावडरीनं वाईट जंतूंबरोबर हे कामाचे जीवही मेले," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी मेंढीचा रस पाजला तर पुन्हा वाढतील. पण अकरा जणींना पुरेल एवढा रस जिवंत मेंढीतून निघत नाही. मटणाच्या दुकानातून ताजा आणावा लागेल. गार होता कामा नये."

आबा भडकले. "मेल्या जनावराच्या पोटातली घाण माझ्या मेंढ्यांला पाजायची? आमच्या सात पिढ्या मेंढरात गेल्या, आसलं कुनी केलं न्हाई!"

"आबा, मेंढी गवत खाती, पन पचवत्यात तिच्या पोटातलं जीव. ते आपन मारलं. आता आपनच आनून द्यायचं." प्रगती 'तुम्ही मारलं' असं म्हणाली नाही. आबा उठून बांधाकडं निघून गेले.

रविवारी उजाडताच ती शिक्रापूरला गेली. डॉक्टरांच्या ओळखीच्या दुकानदारानं निरोगी मेंढ्यांची पोटं बाजूला ठेवली होती. तिनं हात घालून आतलं फडक्यात पिळलं. पाच लिटरचा जार भरूनच ती उठली. चौकात ट्रक एकाला एक लागलेले. तिनं जार गोधडीत गुंडाळून पायांमध्ये घट्ट धरला आणि स्कूटर मातीच्या कडेनं काढली. घरी पोचली तेव्हा जार अजून कोमट होता.

पहिल्याच मेंढीनं तिला चिखलात पाडलं. ती उठली आणि पुन्हा धरायला गेली. मेंढीनं हिसडा मारला, रस पदरावर सांडला. तिसऱ्यांदा मेंढी हलली नाही, कारण आबांनी मागून तिला गुडघ्यांत धरलं होतं.

"डोस्कं एवढं वर करू नगं. छातीत गेलं तर मरंल. आसं, सरळ. आता वत, दमानं."

दुपारपर्यंत अकराही झाल्या. बुधवारी ताजा रस आणून पुन्हा पाजलं. दोन मेंढ्या तरीही गेल्या. आबांनी त्यांना बांधाकडं पुरलं. पण शुक्रवारी सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली, "प्रगती, हिकडं ये!" तांबड्या कानाची मेंढी बसल्या बसल्या जबडा हलवत होती. पुढच्या चार दिवसांत बाकीच्याही खायला लागल्या.

पावडर बंद झाल्यावर कोकरांची हगवण मात्र परत येणारच होती. प्रगतीनं सासऱ्यांना घेऊन मेंढ्यांचं वाडगं ओल्या जागेवरून कोरड्या मुरमाड माळावर हलवलं आणि पाण्यात लेंड्या पडू नयेत म्हणून टाकी उंच केली. महिन्याभरानं एका कोकराला हगवण लागली. आबांनी त्याची पातळ लेंडी डबीत भरली आणि टोपी घालून जनावरांच्या दवाखान्याकडं निघाले.

"आधी तपासून आनतो," ते म्हणाले. "आवशीद लागलं तर ह्या एकाला दिऊ. सांगतील तेवढंच दिस."

प्रगतीनं कोकरू वेगळं बांधलं आणि बाकीच्यांना वैरण टाकायला गेली.