पुलाखालचा बिशप

बुद्धीच्या बाबतीत माणूस माशाच्या फार पुढे आहे, असं लिंटॉटसाहेब नेहमी ठासून सांगत. गेली अकरा वर्षं ते इंग्लंडातल्या इचन नदीवर एकाच ट्राउट माशाच्या मागे होते.

पुलाखालच्या त्या जाड्या माशाला सगळे 'बिशप' म्हणत. आज शेवटची संध्याकाळ. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे साहेब उद्या लीड्सला, मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला जाणार होते. तिथे दाराशी नदी नव्हती, लिफ्ट होती.

साहेब काठावरच्या गवतात गुडघे टेकून बसले होते. मागे नदीचा राखणदार पिजली विझलेला पाइप चावत उभा.

"काय करतोय तो?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"जेवतोय, साहेब. तुमचं सोडून सगळ्यांचं."

खोटं नव्हतं. वाहत येणारे किडे बिशप एकेक करून टिपत होता. सशाचे केस नि कोंबड्याचं पीस गळाला गुंडाळून साहेबांनी केलेली माशी त्या किड्यांतूनच तरंगत यायची. बिशप वर यायचा, तिच्याकडे निरखून बघायचा आणि काही न बोलता खाली जायचा.

"दोरी ताणली जातेय, साहेब. खरा किडा असा फरफटत जातो का?"

"मला शिकवतोस?"

"मी कोण शिकवणारा? अकरा वर्षं तोच शिकवतोय."

साहेबांनी दोरी सैल सोडून पुन्हा फेकली. माशी म्हातारीच्या पिसासारखी अलगद उतरली. बिशप वर आला. तोंड उघडलं. माशी गडप!

आता घाई करायची नाही. मासा तोंड मिटून खाली वळला की मगच गळाची काठी उचलायची. तेवढा वेळ मोजायला मनातल्या मनात 'देव राणीला सुखी ठेवो' म्हणायचं, ही वडिलांची शिकवण. साहेबांनी सुरुवात केली, 'देव राणीला...' आणि थबकले. राणी गेली की! आता राजा. साहेब पक्के राजनिष्ठ. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, 'देव राजाला सुखी...'

"थुंकला," पिजली म्हणाला.

साहेबांनी काठी उचलली. रिकामी माशी हवेतून येऊन त्यांच्याच टोपीत रुतली. पाण्यावरचं वर्तुळ मोठं होत होत काठाला लागलं आणि विरलं.

"येईल का रे वर पुन्हा?"

"येईल की. उद्या."

साहेबांनी टोपीतली माशी काढली आणि काठी गवतात ठेवली.

"पिजली," शेवटी ते म्हणाले, "जरा हात दे. उठता येत नाहीये."