आबांच्या फोनवरचे सहा आकडे

तरुणनं उघडलेलं नीट परीक्षेचं पान चारुलतानं बंद केलं. माउस स्वतःकडे ओढून तिनं सीईटीचा अर्ज काढला आणि गणिताच्या गटापुढे खूण केली.

"ताई, बन्सीलालकाकास्नी तर सकाये फोनवर नीट सांगी," तरुण म्हणाला.

शहाद्याच्या बसस्टँडसमोर तरुणचं अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. इथे येणारी सगळीच मुलं डॉक्टर व्हायची असतात, निदान अर्ज भरेपर्यंत.

"नीट नही भरनी. फक्त सीईटी. मले इंजिनिअरिंगले जानं शे."

"मंग दोन्ही भर ना."

"मांगला साले दोन्ही भरनात. ना हाई धड व्हयनी, ना ती."

खरंच होतं. मागच्या वर्षी दोन दगडांवर पाय ठेवून ती दोन्हीकडून पडली आणि वर्ष घरी बसून काढलं. चुलतभाऊ भाग्येश एमबीबीएसला लागल्यापासून तिच्या वडिलांच्या, बन्सीलालच्या घरात बायॉलॉजीशिवाय दुसरा विषय नव्हता. इतर मुलं पुस्तकात मोबाइल लपवतात. ही बायॉलॉजीच्या पुस्तकात गणिताची वही लपवायची. आणखी एक वर्ष असं काढणं तिच्यानं होणार नव्हतं, आणि सीईटीच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

अर्ज पक्का करायला आधारचा ओटीपी लागला. त्यांच्या घरातल्या सहाही माणसांचं आधार आबांच्या, म्हणजे बन्सीलालच्या, एकाच नंबराला जोडलेलं. आजीची पेन्शन असो की गॅसचं सिलिंडर, सरकारनं बोलायचं ते आबांशीच. आणि ओटीपी आला की कशाचा हे न विचारता आबा आकडे सांगून मोकळे होत.

"नुस्ता आकडा इचार," तरुण हळूच म्हणाला. "त्यास्ले काय समजनार शे?"

हे तिच्याही मनात सकाळपासून घोळत होतं. तिनं फोन लावला. आबांच्या मागे केळीचा ट्रक भरणाऱ्या माणसांचा गलका ऐकू येत होता.

"उना बरं ओटीपी," आबा म्हणाले. "लिख. च्यार..."

"थांबा आबा. हाई नीटना फारम नही. मी नीट नही देनार. गणित लिधं मी."

पलीकडे फक्त गलका राहिला. मग तोही थांबला. आबांनी फोन ठेवला होता. पडद्यावरची वेळ संपली आणि आकड्यांचे चौकोन रिकामेच राहिले.

"सांगं व्हतं ना मी," तरुण म्हणाला. "आते?"

चारुलताला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून रागही येत होता. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"परत धाड."

"आन त्यास्नी नही सांगा तर?"

"तरी धाड. दुकान बंद व्हस तंवर धाडत ऱ्हाय."

दुसरा ओटीपी गेला, त्याचीही वेळ संपली. तिसरा गेला तेव्हा तिचा फोन वाजला.

"कितला डाव धाडशी?" आबांचा आवाज चढलेला होता.

"तुम्ही सांगतस तंवर."

आबांचा आवाज उतरला.

"बारावीले गणितमा कितला व्हतात?"

"पंच्याण्णव."

"मले कोन्ही सांगं नही."

"तुम्ही बायॉलॉजीनाच इचारात, आबा."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. ट्रक निघायचा होता.

"लिख," ते म्हणाले. "सात. दोन. लिखं का?"

"लिखं."

पुढचा प्रत्येक आकडा तिनं मोठ्यानं परत म्हटला. चौथ्या आकड्याला पुन्हा हाक आली, तसे आबा फोन तोंडापासून न हलवताच ओरडले,

"थांबाडा रे ट्रक! मी मन्ही पोरगीना फारम भरी ऱ्हायनू!"